घरातली यंत्रे : रॅमची पत्रिका

दिवाळी जवळ आली की घरोघर दोन याद्या निघतात. पहिली वाण्याची. तिच्यात रवा, बेसन, साखर, तूप ही मंडळी ठरलेली; वाद झालाच तर तो वेलदोड्याच्या भावापुरता. दुसरी यादी 'यंदा मोठी खरेदी कोणती' याची. पूर्वी हिच्यात रेडिओ, शिवणयंत्र, मिक्सर यांची नावे असत. हल्ली त्यांच्या जागी लॅपटॉप येऊन बसला आहे, आणि त्याच्या शिफारशीचे वाक्यही सगळीकडे एकच ऐकू येते : "आपला फार मंद झालाय, आता नवाच घेऊ या."

हे वाक्य बोलणारे बहुधा चिरंजीव असतात, ऐकणारे वडील असतात आणि हिशेब मांडणाऱ्या मातोश्री असतात. बोनस किती, हप्ता किती, दाराच्या रंगकामाचे पुढच्या वर्षावर ढकलले तर किती, अशी तोंडी बेरीज-वजाबाकी सुरू होते. अशा वेळी मी त्या घरी असलो तर एक प्रश्न विचारतो आणि रंगाचा बेरंग करतो. "त्याची रॅम किती आहे हो?" मग थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही.

रॅम म्हणजे काय हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना सांगावयास नको. पण दिवाळी अंक सारे घर वाचते, तेव्हा थोडक्यात सांगून टाकतो. फराळाचे दिवस आहेत, म्हणून स्वयंपाकघरातलाच दाखला घेऊ. डबे कोठीच्या खोलीत असतात आणि काम ओट्यावर चालते. ओटा ऐसपैस असला तर चकलीची भाजणी, सोऱ्या, करंजीचे सारण, पोळपाट सारे हाताशी मांडता येते. ओटा हातभरच असला तर चकल्या घालताना सारण कोठीत नेऊन ठेवावे लागते आणि करंज्या करताना भाजणी. करणारी कितीही चपळ असो, तिचा निम्मा वेळ जाण्यायेण्यात जातो. लॅपटॉपची कोठी म्हणजे त्याची हार्ड डिस्क किंवा एसएसडी, ओटा म्हणजे रॅम, आणि चपळ सुगरण म्हणजे प्रोसेसर. ओटा भरला की यंत्र त्यावरची काही माहिती डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. आपण ज्याला मंदपणा म्हणतो तो पुष्कळदा या ये-जा करण्याचा असतो. यंत्र बंद केले की ओटा पुसून स्वच्छ होतो, कोठीतले मात्र जागच्या जागी राहते.

फोनच्या जाहिरातींनी 'मेमरी' या शब्दाचा मोठा घोटाळा करून ठेवला आहे. '१२८ जीबी मेमरी' असे ठळक अक्षरात छापतात ती बहुधा कोठी असते, ओटा नव्हे. म्हणून दुकानात जाऊन नुसते 'मेमरी वाढवायची आहे' असे म्हणू नये. रॅम म्हणावे.

आता, यंत्र मंद म्हणजे ओटा लहान असे मानून लगेच दुकान गाठणे हेही शहाणपणाचे नाही. आपले नेहमीचे काम चालू ठेवून, म्हणजे ब्राउझर, वर्डचे कागद, मुलांचा वर्ग, जे काय असेल ते उघडे ठेवून, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते. तीत 'परफॉर्मन्स' या सदरात जाऊन 'मेमरी' पाहावी. आकडा शेकडा ८५-९० च्या घरात रेंगाळत असेल तर ओटा खरोखर अपुरा आहे. तो पन्नाशीच्या आसपास असेल आणि त्याच वेळी डिस्कचा आकडा शंभराला टेकलेला असेल, तर दुखणे निराळे. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असली तर तिच्या जागी एसएसडी बसवण्यातच पैसे घालावे. रॅम दुप्पट केली तरी त्या यंत्राला गुण येणार नाही. आणि दोन्ही आकडे कमी असूनही यंत्र कुंथत असेल तर पंख्यात साचलेली धूळ काढून पाहावी. तिला पैसे पडत नाहीत.

आणखी एक पाहावे लागते, ते यंत्राचे वय. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच स्वीकारते. त्याहून जुन्या यंत्रावर खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. लिनक्स वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते लोक दहा वर्षांचे यंत्रही तरतरीत ठेवतात.

हे सारे हवेत राहू नये म्हणून आमच्या भाचीची हकीगत सांगतो. ही ताईची धाकटी, पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यापाशी लेनोवोचा थिंकपॅड टी-४८० आहे, कचेऱ्यांतून निघालेली यंत्रे दुरुस्त करून विकणाऱ्याकडून घेतलेला. हे मॉडेल २०१८ चे, आत इंटेलचा आय-५, ८२५०-यू प्रोसेसर, म्हणजे आठव्या पिढीतला. विंडोज ११ च्या उंबरठ्याच्या आतला. रॅम ८ जीबी. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी मोबाइलची अॅप्स लिहिण्याचा प्रकल्प आला, त्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ आला, आणि त्याच्या जोडीला वीस-पंचवीस पाने उघडून ठेवणारा ब्राउझर तर होताच. कळ दाबावी आणि चहा करून यावे, अशी अवस्था झाली. प्रकल्प दिवाळीनंतर लगेच द्यायचा. ताईच्या यजमानांनी मुदतठेव मोडण्याची भाषा काढली. ती ठेव कशासाठी ठेवली आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी म्हटले, "ताई, दोन दिवस थांब. आधी लॅपटॉपलाच विचारू."

आकडा पाहिला तो शेकडा ९३. एवढ्यावर रॅम वाढवायची हे ठरले. पण कोणती?

इथेच पुष्कळांचे चुकते. रॅम ही काही टॉर्चच्या सेलसारखी वस्तू नव्हे, की कोणत्याही दुकानातून आणली आणि घातली. तिला पत्रिका आहे. आणि पत्रिका पाहणाऱ्या घरांत जसे गुण कमी पडले तर चालवून घेतात पण एकनाड म्हटली की पाऊल मागे घेतात, तसेच येथेही आहे. काही गोष्टींत तडजोड होते, काहींत मुळीच होत नाही. कोणत्या कशात मोडतात एवढे समजले की हा विषय सोपा आहे. पत्रिकेवर माझा विश्वास किती, हा प्रश्न कृपा करून पत्राने विचारू नये.

आधी मुलीकडची माहिती, म्हणजे लॅपटॉपची. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत ती दिलेली असते. रॅमची गती, 'स्लॉट्स यूज्ड', म्हणजे किती खाचा आहेत आणि किती भरल्या आहेत, आणि 'फॉर्म फॅक्टर', म्हणजे आकार. भाचीच्या यंत्रात गती २४००, दोन स्लॉटपैकी एक भरलेला, आकार एसओ-डिम असे निघाले. म्हणजे एक खाच रिकामी. केवढे भाग्य! तळाशी मॉडेलचा नंबर असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पुस्तिका काढली. तीत डीडीआर-४ असे स्पष्ट होते.

हे होईपर्यंत भाचीने इकडे तीन स्थळे आणूनही ठेवली होती, आणि तीनही, तिच्या मते, उत्तम.

पहिले स्थळ तिच्या चुलतभावाकडचे. त्याच्या कचेरीत टेबलावरचा जुना संगणक मोडीत निघाला, त्यातली ८ जीबीची पट्टी, फुकट. पट्टी डीडीआर-४ होती हे खरे. पण टेबलावरच्या संगणकाची पट्टी १३३ मिलिमीटर लांब असते आणि लॅपटॉपची ६९.६. एक जवळजवळ वीतभर, दुसरी बोटभर. हे स्थळ दारातूनच परत गेले. एसओ-डिम हे त्या बोटभर पट्टीचे नाव आहे; जाहिरातीत किंवा बिलावर ते आहे का, हे अवश्य पाहावे.

दुसरे स्थळ मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपमधले. लांबी बरोबर, दिसायला तशीच हिरवी, तशाच काळ्या चौकोनी चिप्स. भाची म्हणाली, "मामा, ही तर हुबेहूब आहे." मी दोन्ही पट्ट्या सोनेरी कडेने शेजारी शेजारी धरल्या. त्या कडेला एक बारीक खाच असते. एकीची खाच जिथे, तिथे दुसरीची नव्हती. ही पट्टी डीडीआर-३ होती. तिच्या सोनेरी दातांची संख्या २०४, आणि डीडीआर-४ च्या लॅपटॉप-पट्टीची २६०. पहिलीला साधारणपणे दीड व्होल्ट लागतात, दुसरीला १.२. खाच मुद्दामच निरनिराळ्या जागी ठेवलेली असते, ती कोणी चुकीची पट्टी घालू नये म्हणून. तरीही घालणारे घालतात. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांच्या लॅपटॉपमध्ये एका उत्साही कारागिराने बसत नाही म्हणून अंगठ्याने दाबून पट्टी बसवली होती. पट्टी बसली नाही, स्लॉट मात्र मोडला. आणि स्लॉट मोडणे म्हणजे मदरबोर्डची दुरुस्ती. रॅम योग्य असली तर ती हलक्या हाताने बसते. जोर लावावासा वाटला की तिथेच थांबून पट्टी पुन्हा तपासावी.

ज्यांच्या घरी २०१३ ते २०१६ च्या सुमाराचे लॅपटॉप आहेत त्यांच्यासाठी येथे एक पोटकलम. डीडीआर-३ च्या घराण्यात 'एल' अक्षर लावलेली एक शाखा आहे, ती १.३५ व्होल्टवर चालते. ही 'एल' पट्टी दीड व्होल्टच्या जुन्या यंत्रातही चालते. पण ज्या यंत्राला 'एल' हवी आहे त्यात साधी डीडीआर-३ घालू नये. लेबलावर 'पीसी ३' आहे की 'पीसी ३ एल', हे एक अक्षर नीट पाहावे.

तिसरे स्थळ श्रीमंत. दिवाळी-सेलमधली १६ जीबीची डीडीआर-५ पट्टी, गती ४८००, मोठी सूट. भाचीचे म्हणणे असे की जुनी चालत नसेल तर नवी चालेलच; नवी म्हणजे अधिक चांगली. हा युक्तिवाद साड्यांना लागू पडेल, रॅमला पडत नाही. डीडीआर-५ च्या लॅपटॉप-पट्टीचे दात २६२, म्हणजे डीडीआर-४ पेक्षा दोनच जास्त; पण पट्टीवरच विजेचे नियंत्रण, १.१ व्होल्ट, खाच निराळी, बोलण्याची रीत निराळी. पिढी बदलली की नाते जुळत नाही, मग ती पुढची असो वा मागची. या पिढ्या ठरवते जेडेक नावाची संस्था. ती १९५८ पासून आहे. डीडीआर-३ चे मानक तिने २००७ साली प्रसिद्ध केले, डीडीआर-४ चे २०१२ साली आणि डीडीआर-५ चे २०२० साली. यंत्र साधारण कोणत्या साली निघाले यावरून पिढीचा अंदाज येतो. पण अंदाजावर पैसे खर्चू नयेत, पुस्तिका पाहावी.

तेव्हा पिढी, आकार आणि व्होल्ट या तीन गोष्टींत तडजोड नाही. चौथी म्हणजे ईसीसी असे लिहिलेली रॅम; ती मुख्यतः मोठ्या सर्व्हरांसाठी असते आणि स्वस्तात मिळाली तरी घरगुती लॅपटॉपसाठी घेऊ नये.

बाकीचे सारे गुणांच्या भागात. त्यात गती आली. भाचीच्या यंत्राची गती २४००, आणि बाजारात सर्रास मिळते ती ३२०० ची. चालते का? चालते. प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी चिप असते, तिच्यात त्या पट्टीची सारी कुंडली लिहिलेली असते. यंत्र सुरू होताना ती वाचते आणि जी गती सर्वांना झेपेल ती धरते. दोन बैलांची जोडी सावकाश बैलाच्या चालीने चालते, तशीच ३२०० ची पट्टी २४०० च्या शेजारी २४०० ने चालते. वरची गती वाया जाते एवढेच. म्हणून तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, पण त्याच भावात मिळाली तर नाकारूही नये. उलट २१३३ ची घेतली तर मात्र जुन्या पट्टीलाही मागे ओढील.

गतीच्या बाबतीत दोन गमती सांगून ठेवतो, नाहीतर दुकानात गोंधळ होतो. काही पट्ट्यांवर २४०० असे न लिहिता १९२०० असे लिहिलेले असते. घाबरू नये, त्याला आठाने भागावे, २४०० येतात. तसेच २१३०० म्हणजे २६६६ आणि २५६०० म्हणजे ३२००. दुसरी गंमत अशी की सीपीयू-झेडसारखे काही प्रोग्राम २४०० च्या रॅमची गती १२०० दाखवतात. दुकानदाराने फसवले असे वाटून एक वाचक थेट भांडायला निघाले होते. डीडीआरमधला पहिला 'डी' म्हणजे दुप्पट; एका ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून १२०० ठोक्यांचे २४०० होतात. भांडण टळले.

पट्टीवरचे लेबल वाचायला शिकणे फारसे अवघड नाही. भाचीच्या जुन्या पट्टीवर बारीक रोमन अक्षरांत होते ते आपल्या लिपीत असे : ८ जीबी, १ आर × ८, पीसी ४ - २४०० टी - एस ए १. पहिला आकडा मापाचा. '१ आर' म्हणजे चिप्सची एक रांग. 'पीसी ४' म्हणजे डीडीआर-४. २४०० ही गती. आणि शेवटच्या गटातला 'एस' म्हणजे लॅपटॉपचा आकार; टेबलावरच्या संगणकाच्या पट्टीवर तिथे 'यू' असतो. एवढी ओळ कागदावर उतरवून घेतली की कोणत्याही दुकानात मान खाली घालावी लागत नाही.

किती घ्यावी? प्रोसेसरलाही मर्यादा असते. या ८२५०-यू ची इंटेलच्या तक्त्यात ३२ जीबी दिली आहे. भाचीला १६ पुरेत असे माझे मत पडले, आणि ती ८ अधिक ८ अशी. याला कारण आहे. दोन सारख्या मापाच्या पट्ट्या असल्या की यंत्र दोन्हींशी एकदम बोलते. एका नळाऐवजी दोन नळांनी पाणी भरावे तसे. ज्या लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी वेगळे कार्ड नसते, आणि हिच्यात नाही, ते पडद्यावरच्या चित्रांसाठीही याच रॅममधून वाटा घेतात. त्यांना दुसरा नळ चांगलाच उपयोगी पडतो. माप असमान झाले, समजा ८ आणि १६, तरी यंत्र अडत नाही. इंटेलची बहुतेक यंत्रे जेवढे समान तेवढे दोन नळांनी आणि उरलेले एका नळाने वापरतात. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या पट्ट्याही बहुधा सुखाने नांदतात. नुसती पत्रे-दाखले पाहणाऱ्या घरच्यांनी ३२ जीबी घेणे म्हणजे दोघांच्या संसाराला वीस माणसांचे पातेले. आणि ज्यांच्याकडे अजून ३२ बिटी विंडोज असेल त्यांनी आधी ते बदलावे. ते ४ जीबीपलीकडे पाहतच नाही.

खरेदीला मी भाचीबरोबर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. मुंबईकरांसाठी तीच जागा लॅमिंग्टन रोडची; पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असले तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कोणी तसे म्हणत नाही. पहिल्या दुकानात तिने मॉडेल सांगताच दुकानदार म्हणाले, "बिनधास्त टाका मॅडम, सगळ्यात चालतं." सगळ्यात चालते असे म्हणणाऱ्याकडून रॅम घेऊ नये, असे माझे मत. पुढच्या दुकानात तिने कागद पुढे केला. "काका, डीडीआर-४, एसओ-डिम, ८ जीबी, २४०० किंवा वर. नाही चालली तर किती दिवसांत बदलून द्याल?" काकांनी कागद वाचला, चष्मा वर केला, आणि आतल्या खणातून ३२०० ची एक बंद पाकिटातली पट्टी काढली. बदलून देण्याची मुदत त्यांनी बिलावर लिहून दिली, पट्टीचा क्रमांकही बिलावर घातला. हे दोन्ही मागून घ्यावे. कित्येक कंपन्या रॅमवर बऱ्याच वर्षांची हमी देतात, पण बिल नसले तर हमी कोणाला दाखवायची? पाकीट नाही, लेबल नाही, आणि भाव बाजाराच्या निम्मा, असली पट्टी मी तरी घेणार नाही.

भावाविषयी एक सांगावेसे वाटते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी एवढी वाढली की कारखान्यांचे लक्ष तिकडे वळले, आणि घरगुती रॅमचे भाव काही महिन्यांत भराभर चढले. डीडीआर-४ सुद्धा सुटली नाही. म्हणून कोणी दोन वर्षांपूर्वी घेतली त्याच्या भावावर घरचा हिशेब मांडू नये. त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारावे. एवढे चढूनही आमच्या पट्टीची किंमत नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या जवळपासही पोचली नाही, आणि मुदतठेव होती तशी राहिली.

बसवण्याचे काम घरी करण्यासारखे आहे, पण हमीच्या मुदतीतले यंत्र असेल तर झाकण उघडलेले कंपनीला चालते का, हे आधी विचारावे. घरी करायचे तर असे. लॅपटॉप पुरता बंद करावा. नुसता मिटून झोपवणे उपयोगी नाही. चार्जर काढावा. टी-४८० ला एक बॅटरी बाहेर असते, ती काढावी. दुसरी आत असते, ती बायोसमध्ये जाऊन आधीच बंद करता येते. ज्या यंत्रात तशी सोय नाही तिथे झाकण उघडल्याबरोबर बॅटरीची तार सोडवावी. टेबल रिकामे, उजेड भरपूर. आणि दिवाळीच्या नव्या रेशमी किंवा नायलॉनच्या कपड्यांत हे काम करू नये. कपड्यांच्या घर्षणाने अंगात वीज साठते. आपल्याला जाणवतही नाही एवढा झटका चिप्सना मारक ठरतो. आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला, नळाला म्हणा, हात लावावा.

भाचीने तळाचे स्क्रू सैल केले. या मॉडेलचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. झाकण प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने कडेकडेने सोडवले. नवी पट्टी तिने कडांनी धरली, सोनेरी दातांना बोट न लावता. खाच खाचेत पाहून पट्टी तिरपी सरकवायची, दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत; मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंचे चिमटे टक्‌ करून बसतात. ताई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिला तो आवाज ऐकू आला आणि ती म्हणाली, "मोडलं का गं काही?"

काही मोडले नव्हते. झाकण लावले, चार्जर लावला, कळ दाबली. पडदा काळा. पाच सेकंद, दहा सेकंद. रॅम बदलल्यावर पहिल्या खेपेस यंत्र नव्या पट्टीची कुंडली वाचते, तिला पारखते, म्हणून कधीकधी असा वेळ लागतो. डीडीआर-५ च्या यंत्रांना तर कधी मिनिटांनी मोजण्याइतका. त्या वेळात घाबरून कळ दाबत राहू नये. खरोखरच काही आले नाही तर बंद करून पट्टी काढून पुन्हा बसवावी. दहांतली नऊ दुखणी नीट न बसल्याची असतात. तेवढ्याने भागले नाही तर एकेक पट्टी एकटी घालून पाहावी, म्हणजे दोष कुणाचा ते कळते. आमचा पडदा उजळला. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही स्लॉट भरलेले, एकूण रॅम १६ ला जराशी कमी. ही तूट पाहून दुकानदाराकडे धाव घेऊ नये. थोडा भाग यंत्र स्वतःसाठी राखून ठेवते. मग विंडोजमधली 'मेमरी डायग्नॉस्टिक' ही तपासणी लावून आम्ही जेवायला बसलो. रॅममध्ये बारीक दोष असला तर तो असा पहिल्याच आठवड्यात, बदलून मिळण्याच्या मुदतीत, शोधावा. त्या रात्री अँड्रॉइड स्टुडिओ आणि तिची पंचवीस पाने एकदम उघडून पाहिली तेव्हा आकडा ६२ वर होता.

आता ज्यांच्या नशिबी हे नाही त्यांच्याविषयी. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डला झाळून पक्की केलेली असते. टास्क मॅनेजर तिथे आकाराच्या जागी 'रो ऑफ चिप्स' असे दाखवतो. अशा यंत्रात घरी काहीही वाढवता येत नाही. अॅपलने मॅकबुक प्रोमध्ये २०१२ च्या रेटिना मॉडेलपासून हीच वाट धरली, आणि २०२० च्या एम-१ पासून तर रॅम प्रोसेसरच्या चिपशेजारी एकाच पाकिटात बसवली. काही यंत्रांत थोडी झाळलेली आणि एक स्लॉट मोकळा असा मधला मार्ग असतो, तो बरा. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेकने कॅम-२ नावाच्या चपट्या, काढता-घालता येणाऱ्या रॅमचे मानक काढले आहे, पण ती असलेली यंत्रे थोडीच. तेव्हा यंदा ज्यांना नवा लॅपटॉप खरोखर घ्यायचाच आहे त्यांनी रंग आणि वजन पाहण्याआधी दुकानदाराला विचारावे : रॅमला स्लॉट आहे का, असल्यास किती, आणि त्यांतला रिकामा किती? उत्तर 'नाही' असेल तर पुढच्या पाच वर्षांना पुरेल एवढी रॅम पहिल्या दिवशीच घ्यावी.

ज्यांच्या दोन्ही खाचा भरलेल्या होत्या आणि जुन्या पट्ट्या काढाव्या लागल्या, त्यांनी त्या नव्या पट्टीच्या पाकिटात घालून, वर पिढी, माप आणि गती लिहून ठेवाव्या. ओळखीत कुणाशी पत्रिका जुळली तर द्याव्या. नाही तर ई-कचरा घेणाऱ्याकडे सोपवाव्या, रद्दीवाल्याकडे नव्हे.

पुढच्या खेपेस हार्ड डिस्क काढून एसएसडी कशी बसवावी, याविषयी लिहीन. त्यासंबंधी पत्र पाठवणाऱ्यांनी 'आमचा लॅपटॉप काळ्या रंगाचा आहे' एवढेच न कळवता तळाशी असलेला मॉडेल-नंबर आणि खरेदीचे साल जरूर लिहावे.